गाळी

मिरजेत रात्री अडीचला जागं असतं ते दुखणं,
आणि दुखण्यासमोर आमचं मेडिकल.
मी काउंटरच्या आत, फ्रिजमधल्या इन्सुलिनशेजारी,
स्टॉकच्या वहीवर कोपर टेकून.

तो आला तेव्हा चिठ्ठीवर एक इंजेक्शन होतं, दोन सलाईन,
आणि नाव : मल्लप्पा हुक्केरी, वय अडुसष्ट.
पैसे देताना त्याचा फोन वाजला.
वाजला म्हणजे, कुणीतरी चार तारा छेडल्या
आणि मागून एका मुलीनं नुसता हुंकार दिला,
तोंड न उघडता,
पोळ्या लाटताना बाई स्वतःशीच देते तसा.
त्यानं घाईनं बंद केला.

"कुणाचं हे?"
मी गाण्याचं विचारत होते.
"वडिलांचं," तो म्हणाला, इंजेक्शन खिशात घालत.
मग त्याच्या लक्षात आलं.
"आमचंच आहे ते. चौघं आहोत, अथणीला.
खताच्या गोदामात वाजवतो.
पोती भरलेली असली की आवाज घुमत नाही.
सीझन संपला की मात्र वांधे."

बँडचं नाव त्यानं रिकाम्या खोक्याच्या झाकणावर लिहून दिलं.
खाली स्वतःचं : चन्नवीर.
डॉक्टरांपेक्षा बरं अक्षर.

मी सत्तेचाळीस वर्षांची.
या वयात बाई नवीन गाणी शोधत नाही, असं माझं मत होतं.
जुनी असतात की,
लग्नातल्या ताटांसारखी, नाव घातलेली,
वर फळीवर.

एकसष्ट वेळा ऐकलं गेलंय, असं तिथं लिहिलं होतं.
मी बासष्टावी.

कानडी मला काउंटरपुरतं येतं :
ऊट झाल्यावर एक, झोपताना एक, नीरु भरपूर, पैसे एष्टु.
गाण्यात ती मुलगी फिरून फिरून म्हणत होती,
गाळी, गाळी.
मला कळलं : गाळ.
का नाही कळणार?
पुराच्या वर्षी सांगलीच्या आमच्या खोल्यांतून
पाणी गेलं तेव्हा तो राहिला,
मिक्सरच्या भांड्यात, स्विचबोर्डांत,
सासऱ्यांच्या पेटीत, पट्ट्यांच्या खाली,
अजून काळी दोन दाबली की वर येत नाही.
म्हटलं, चला,
आमच्या गाळावर कुणीतरी गाणं केलं एकदाचं.

तिसऱ्या रात्री तो बिल चुकतं करायला आला. डिस्चार्ज होता.
मी धीर करून गाळाचं बोलले.
"गाळ नव्हे ताई, गाळी.
वारा."

तेच गाणं पुन्हा लावलं.
खरं सांगायचं तर
मला अजून गाळच ऐकू येतो.
फक्त आता तो वाळत चाललाय,
कडेनं उचलला जातोय, खपलीसारखा.

मग त्या चौघांच्या मागनं आणखी आले.
विट्याच्या दोघी बहिणी, ज्यांच्या प्रत्येक गाण्यात
यंत्रमाग बंद झाल्यावरची शांतता आहे.
कुठल्याशा डोंगरातला एक, नुसती शीळ घालतो
आणि शेवटी खोकतो. खोकला काढलेला नाही.
मला त्याला सिरप पाठवावंसं वाटतं.
आमचा डिलिव्हरीचा जमीर म्हणतो,
"मॅडम, याला बीट कुठाय?"
बीट नाही रे बाबा. आहे ते एवढंच आहे.

आकडा आता दोनशे चाळीसवर गेलाय.
त्यातले दीडएकशे माझेच असतील,
त्या पोरांना वाटत असेल, आपण गाजतोय.
पण गेल्या आठवड्यात मी नणंदेकडे बारशाला,
दोन दिवस फोनला हात नाही,
आणि परत येऊन बघते तर चार वाढलेले.

चार.
कोण असतील?
आयसीयूतली ती सिस्टर, जिला मी कापसाच्या पुड्यावर
नाव लिहून दिलं होतं?
का मल्लप्पाच, बरे होऊन, ओट्यावर,
पोराला न सांगता?

शटरवर कुणीतरी नाणं वाजवतंय.
आले, आले.
एवढं कडवं संपू दे.